थायरॉइड आहे, पण कोणता?

आपल्या बायकांत एकीनं "मला थायरॉइड आहे" म्हटलं की दुसरी लगेच "मलाही!" म्हणते आणि गप्पा सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळीवर जातात. ती गोळी ग्रंथी मंद झालेल्यांची. ग्रंथी जास्त काम करते तो आजार अगदी उलटा, आणि त्याचा मार हृदयावर बसतो. शाळेत मराठी शिकवताना एका शब्दाचे दोन अर्थ मुलांना समजावत असे. इथे तर एका शब्दात दोन आजार!

गेल्या वर्षी सासूबाई साताऱ्याहून न्यू जर्सीला आमच्याकडे आल्या, त्या चांगल्याच बारीक होऊन. मंडळाच्या गणपतीत जी ती विचारत होती, "काकू, कोणतं डाएट?" डाएट कसलं, उलट भूक वाढली होती. एसीतही घाम, पोळी लाटताना हाताला कंप, जिना चढताना मध्येच थांबणं. "अगं, वय झालं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एका रात्री मात्र म्हणाल्या, "छातीत फडफडतंय गं." मी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजले. १२४, आणि तेही अडखळत, कसेही. तडक इमर्जन्सी गाठली. विम्याचा विचार नंतर.

थायरॉइडचं संप्रेरक वाढलं की हृदय विश्रांतीतही धावत राहतं. मग वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. आत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर पक्षाघात. दुर्लक्ष केलं तर हृदय थकून निकामी होऊ लागतं. उतारवयात बाकीची लक्षणं पुसट असतात, कधी हा अनियमित ठोकाच पहिली खूण ठरतो. १९९१च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांना कॅम्प डेव्हिडला धावताना दम लागला, तेव्हा हेच निघालं. मुळाशी ग्रेव्हज डिसीज. बार्बराबाईंना तो आधीच झालेला, त्यामुळे व्हाइट हाउसचं पाणीसुद्धा तपासलं गेलं म्हणे!

सासूबाईंना बीटा ब्लॉकरनं ठोके आवरायला, गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायला आणि मुळावर मेथिमॅझोल, अशी तीन औषधं मिळाली. दमा असेल तर बीटा ब्लॉकरआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. मेथिमॅझोलचा गुण यायला काही आठवडे लागतात. ते चालू असताना ताप किंवा घसादुखी आली तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं, कारण क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात.

परतताना वेगळाच प्रश्न. भारतात बहुधा कार्बिमॅझोल देतात. शरीरात त्याचंच मेथिमॅझोल होतं, पण १० मिलिग्रॅमचं साधारण ६. म्हणजे आकडा तोच ठेवून गोळी बदलता येत नाही. डॉक्टरांकडून दोन्ही नावं, डोस आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून घेतली, ती चिठ्ठी त्यांच्या पर्समध्ये.

मंद थायरॉइडवाल्यांनो, तुमची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली तरी हृदयाला हाच त्रास. वजन उतरावं म्हणून मनानं डोस वाढवणाऱ्या मला माहीत आहेत! आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. त्यानं रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

आता रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आधी नाडीचा आकडा, मग साताऱ्याच्या बातम्या. परवा ७४ होता.