शनिवारवाडा तेव्हा बांधलाच नव्हता

दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस दुपारी एक बाई घरी आल्या. पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि पिशवीतून दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली.

"आपा, बघा तुमची हुशार पोरगी रात्र रात्र काय लिहीत बसते. इश्क-मोहब्बत! हिच्या अब्बांच्या हाती वही पडली तर घरात कयामत येईल. तुम्हीच समजवा हिला."

पोरगी दारातच उभी, नजर खाली. दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होती, आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात 'मस्तानी', खाली तिचं नाव आणि त्याखाली 'प्रकाशक' असं लिहून पुढची जागा कोरी सोडलेली. त्या कोऱ्या जागेकडे बघून मला गंमत वाटली आणि थोडं भरूनही आलं. मी म्हटलं, "वही राहू द्या माझ्याकडे आठ दिवस."

रात्री वाचायला घेतली. पहिल्याच पानावर सन १७२९ आणि मस्तानीची डोली शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यातून आत येते! बाजीरावांनी मुहंमदखान बंगशाच्या वेढ्यातून छत्रसालांना सोडवलं ते १७२९ सालीच, तेवढं बरोबर. पण शनिवारवाड्याचा पाया घातला १० जानेवारी १७३० रोजी आणि वास्तुशांत झाली १७३२ मध्ये. मग ही डोली उतरली कुठे? मी समासात लाल पेनाने लिहिलं, "वाडा तेव्हा बांधलाच नव्हता."

अशा चुका आणखी सापडल्या. पण एका ठिकाणी मी पेन खाली ठेवला. मस्तानी दासीकडून मराठी शिकते आहे. 'ळ' तिच्या जिभेवर बसत नाही, दासी हसते, मग तीही हसते. हे पोरीने कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. घरात दखनी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या आपल्या प्रत्येक लेकराने ही गोष्ट जगलेली आहे. बालाजी विश्वनाथांपासूनच्या सनावळ्या पाठ असलेल्या लेखकालाही ती सहज सुचली नसती.

बहिणींनो, ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणारे कुणी वेगळ्या मातीचे असतात असं आपल्याला वाटतं. तसं काही नाही. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते ती 'मोचनगड', १८७१ची. ती लिहिणारे रामचंद्र भिकाजी गुंजीकर पेशाने शिक्षक. कादंबरी आधी 'विविधज्ञानविस्तार' मासिकात थोडी थोडी येत गेली. हरि नारायण आपटे पुण्यात आनंदाश्रम संस्थेचं काम सांभाळत आणि कादंबऱ्या आपल्या 'करमणूक' साप्ताहिकातून छापत. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ पितळे, यांची तर गोष्टच और. ऐन तारुण्यात सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर लुळं झालं. पडल्या पडल्या वाचन वाढलं, वाचता वाचता लेखणी हाती आली आणि 'वीरधवल' आणि 'स्वराज्या'च्या कादंबऱ्या आपल्याला मिळाल्या.

उर्दूतही तेच. लखनौचे अब्दुल हलीम शरर यांनी १८८७ मध्ये 'दिलगुदाज' मासिक काढलं आणि पुढच्याच वर्षी त्यातून 'मलिकुल अजीज वर्जिना' ही कादंबरी हप्त्याहप्त्याने दिली. वॉल्टर स्कॉटची क्रूसेडवरची कादंबरी वाचून ते चिडले होते, म्हणून हे उत्तर लिहिलं, असं सांगतात. हेच शरर काही वर्षं निजामाच्या हैदराबादेत नोकरीला होते. आपलं बाळापूर तेव्हा त्याच राज्यात.

माझ्या अब्बांच्या लोखंडी पेटीत नसीम हिजाजींच्या कादंबऱ्या होत्या. आठवीत असताना मी त्या चोरून वाचल्या. आज वाचते तेव्हा एक गोष्ट खटकते. नायक कधी चुकत नाही, नायिका सगळ्या एकाच साच्यातल्या आणि समोरचा माणूस म्हणजे नुसता दुश्मन. मराठीतल्या जुन्या कादंबऱ्यांत हीच तक्रार उलट बाजूने आहे, तिथे दुश्मन म्हणजे आपण. ना. सं. इनामदारांचं मोल मला म्हणूनच वाटतं. त्यांनी १९७० साली औरंगजेबावर 'शहेनशहा' लिहिली आणि १९७२ साली बाजीराव-मस्तानीवर 'राऊ', आणि दोन्हीकडे माणूस शोधला. २०१५ सालचा सिनेमा 'राऊ'वरूनच निघाला. आमच्या पोरीने तो टीव्हीवर पाहिला आणि वही उघडली.

पण सिनेमा बघून कादंबरी होत नाही. मी तिला बोलावून आधी हेच सांगितलं. मस्तानीबद्दल पक्कं काय आहे याची वेगळी यादी कर. ती छत्रसालांची मुलगी, ही परंपरा आहे, तसंच लिही. तिच्या धर्माबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. प्रणामी पंथाचं नाव घेतलं जातं, त्या पंथात कृष्णभक्ती आणि कुरआन दोन्हींचा आदर होता. मुलगा १७३४चा. बाजीराव वारले २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला आणि त्यामागोमाग मस्तानीही गेली. तिची कबर शिरूर तालुक्यात पाबळला आहे. या खुंट्या पक्क्या ठोक. मधली दोरी तुझी.

ती म्हणाली, "आपा, जुने कागद मला कोण दाखवणार?"

मी म्हटलं, कागद दिसतील, वाचणारे कमी आहेत. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी निजामकाळातले दस्त धुंडाळले गेले, तेव्हा सगळीकडे मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. ज्या उर्दूला लोक "काय उपयोग" म्हणत होते, तिची एकदम गरज पडली. पेशव्यांचं दफ्तर मोडीत आहे, पुण्यात आहे. उर्दू तुझ्या घरातच आहे, मोडी शिकून घे. या दोन लिप्या आणि वर मराठीत लिहिणारा हात, असं एकत्र किती जणांकडे आहे?

छापण्याचंही विचारलं तिने. माझा अनुभव फार चांगला नाही. वीस वर्षांपूर्वी एका प्रकाशकाने माझ्या कथासंग्रहासाठी माझ्याकडूनच पैसे घेतले आणि पुस्तकांचे गठ्ठे घरी आणून टाकले. विक्रीचं नाव नाही. त्यातले काही अजून पलंगाखाली आहेत. म्हणून तिला सांगितलं, आधी एखादं प्रकरण दिवाळी अंकाला किंवा मासिकाला पाठव, गुंजीकरांनी आणि शररांनी जसं केलं तसं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिच्या अटी वाच. पुस्तकाला लागणारा आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात मोफत मिळतो, त्याचे पैसे कुणी मागितले तर सावध हो. करार लेखी कर आणि 'कायमचे सर्व हक्क' लिहिलेल्या कागदावर सही करू नकोस. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं चालतो, तो चहाच्या कपावर देऊन टाकायची वस्तू नाही. करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो.

आणि पैसा? नोकरी बघ, असंच सांगितलं. वर ज्यांची नावं घेतली त्यातल्या बहुतेकांच्या घरची चूल दुसऱ्या कामावर पेटायची.

आठ दिवसांनी आई वही न्यायला आल्या. मी म्हटलं, "बसा, थोडं ऐका." आणि डोलीचं पान वाचून दाखवलं. पोरीने ते बदललं होतं. आता कादंबरी बुंदेलखंडात सुरू होते, वाड्याचं नावही नाही. मग 'ळ'चा प्रसंग वाचला. बाई पदर तोंडाला लावून हसल्या. "माझ्या सासूला अजून नाही येत," म्हणाल्या.

थोडा वेळ गप्प बसल्या. मग विचारलं, "तिला लेकरू होतं म्हणता. आई-बाप दोघं एकाच वर्षी गेले. मग त्याला वाढवलं कुणी?"

मी सांगितलं, काशीबाईंनी. बाजीरावांच्या पहिल्या पत्नीने. समशेर बहादूर पेशव्यांच्या घरात वाढला, १७६१ साली पानिपतावर लढला आणि त्याच जखमांनी गेला. त्याचा मुलगा अलीबहादूर, बांद्याची नवाबी त्याच घराण्यात राहिली.

"सवतीने वाढवलं?" बाई वही उघडून पानं उलटू लागल्या. त्यांना मराठी अडखळत वाचता येतं. शेवटच्या पानापर्यंत गेल्या आणि लेकीकडे वळून जराशा रागानेच म्हणाल्या, "हे कुठं लिहिलंस तू? यात तर काशीबाई नुसती रडते."

पोरीने माझ्या हातातला लाल पेन घेतला.