स्पेनमधील दूरस्थ कामाचा परवाना
पर्यटकाच्या परवान्यावर परदेशी राहून पूर्वीच्याच मालकाचे काम करीत राहण्यात काही गैर नाही, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. ती धोक्याची आहे. स्पेनने डिसेंबर २०२२ च्या कायद्यान्वये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र परवान्याची तजवीज केली असून, त्यासाठी पदवी अथवा तीन वर्षांचा अनुभव, तेथील किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्नाचा दाखला आणि निदान तीन महिने चालत आलेला कामाचा संबंध आवश्यक मानला आहे. स्वतंत्र व्यावसायिकास स्पॅनिश ग्राहकांचे काम एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंतच घेता येते. कराचा प्रश्न मात्र याहून गंभीर, कारण वर्षात १८३ दिवसांहून अधिक वास्तव्य घडले की मनुष्य सामान्यतः तेथील करदाता ठरतो. अर्जापूर्वी दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या करसल्लागाराची गाठ वाचकांनी अवश्य घ्यावी.