क्लाऊड डेटाबेसशी जोडणी का होत नाही?

अर्ज, पावत्या व नोंदवह्या आता संगणकावर आल्या असून ही माहिती अनेक ठिकाणी क्लाऊडवरील, म्हणजे दूरच्या केंद्रात भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरील, डेटाबेसमध्ये साठविली जाते. एखाद्या दिवशी ‘जोडणी होऊ शकली नाही’ असा संदेश येतो आणि काम खोळंबते. डेटाबेसच बिघडला असावा, असा समज होतो. वस्तुतः दोष पुष्कळदा वापरकर्त्याच्या बाजूच्या संगणकातील नोंदींत असतो.

जोडणी टप्प्याटप्प्याने होते. प्रथम सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधला जातो. नंतर त्या पत्त्यावरील ठरावीक पोर्ट गाठले जाते. मग सुरक्षिततेचे प्रमाणपत्र तपासले जाते आणि शेवटी वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड पडताळले जातात.

संदेशावरून निदान

सर्व्हर सापडत नसल्यास नावाचे स्पेलिंग प्रथम पाहावे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा संदेश आल्यास पोर्ट तपासावे. पोस्टग्रेसक्यूएलचे नेहमीचे पोर्ट ५४३२, तर मायएसक्यूएलचे ३३०६ आहे. सर्व्हरच्या नावाच्या जागी चाचणीच्या वेळचे ‘लोकलहोस्ट’ राहून गेले असल्यास संगणक स्वतःकडेच डेटाबेस शोधत राहतो. बराच वेळ थांबून ‘टाइम आउट’ आल्यास फायरवॉलने वाट अडविल्याचा संभव असतो. कार्यालयाचा इंटरनेट पत्ता बदलल्यावर असे घडते. प्रमाणपत्र नाकारले गेल्यास संगणकाचे घड्याळ आणि त्यातील मूळ प्रमाणपत्रे पाहावीत. ॲमेझॉनच्या आरडीएस सेवेचे एक मूळ प्रमाणपत्र ऑगस्ट २०२४ मध्ये कालबाह्य झाले, तेव्हा वापरकर्त्यांना नवे प्रमाणपत्र बसवून घ्यावे लागले. लॉगिन नाकारले गेल्यास मात्र आधीचे टप्पे पार पडले आहेत, असे समजून नाव व पासवर्डकडे वळावे.

घातक उपाय

घाईत फायरवॉल सर्वांना खुली केली जाते किंवा प्रमाणपत्राची तपासणी बंद केली जाते. जोडणी होते, पण नागरिकांची माहिती उघड्यावर पडते. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर पासवर्डविना उघडे राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून टाकून खंडणी मागण्यात आली होती.

म्हणून फायरवॉलमध्ये केवळ आवश्यक पत्त्यास परवानगी द्यावी. एका वेळी एकच नोंद बदलावी, तिची टिपण ठेवावी आणि उपयोग न झाल्यास ती पूर्ववत करावी.