लकडगंजची कोजागिरी

लकडगंज म्हणजे नागपूरचा लाकडाचा बाजार. इथल्या आरा मशीनवर सागवान चिरले की भुसा उरतो, आणि गॅस येण्यापूर्वी कित्येक घरांची शेगडी त्याच भुशावर पेटायची. कोजागिरीच्या दुधाला तर तीच शेगडी उत्तम. कोजागिरी दसऱ्यानंतर पाच दिवसांनी येते. ती शनिवार-रविवारला जोडून आली की पूर्व नागपुरातल्या वस्त्यांत खेळ, भुलाबाई आणि दूध असे सगळेच एका सुट्टीत उरकते.

सकाळ कबड्डीची. पावसाने घट्ट बसलेली माती खणतात, खडे वेचतात, पाणी शिंपतात आणि सुतळी ताणून फक्कीने मैदान आखतात. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटरचे, चढाई ३० सेकंदांची. खरी मेहनत खडे वेचण्याची. एक राहिला तरी पकडीत गुडघा फुटतो.

संध्याकाळी मुली भुलाबाईपुढे बसतात. भाद्रपद पौर्णिमेला मांडलेल्या भुलाबाईचा हा शेवटचा दिवस. मूर्तीवर ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव असतो. गाणी संपली की झाकलेला डबा फिरतो आणि आतली खिरापत ओळखायची असते. डबा कानाशी धरून हलवतात. खडखडले तर फुटाणे किंवा शेंगदाणे, सळसळले तर चिवडा. काहीच वाजले नाही की गोंधळ होतो: शिरा की बर्फी? मग ‘गोड की तिखट?’ असे विचारून वाट काढतात. हुशार आया लाडू फडक्यात घट्ट बांधून ठेवतात. कानाला इतके काम देणारा दुसरा घरगुती खेळ सापडणे कठीण.

तोवर दूध चढलेले असते. भुशाच्या शेगडीसाठी पत्र्याच्या डब्याला तळाशी बाजूने भोक पाडतात. मधोमध एक बाटली उभी धरायची, भोकातून दांडा आत तिच्यापर्यंत सरकवायचा आणि भोवती भुसा ठासून भरायचा. मग बाटली आणि दांडा अलगद काढले की हवेला वाट तयार होते. भुसा सैल राहिला तर कोसळतो आणि धूर होतो. नीट ठासला तर तासन् तास एकसारखा जळतो, आणि दुधाला हवी असते ती हीच मंद आच. ५ लिटरचे ४ लिटर होईस्तोवर काठाची साय खरवडून परत दुधात सोडतात. साखरेने दूध पातळ होते, म्हणून ती उशिरा. शेवटी केशर, वेलची, जायफळ आणि विदर्भाच्या जंगलातली चारोळी.

चंद्र वर आला की दूध गच्चीवर नेऊन त्यात त्याचे प्रतिबिंब पाहतात. घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. शेजारच्या गुजराती घरांत याच चांदण्यात दूध-पोहे ठेवलेले असतात आणि गरबा चालू असतो.

ज्यांच्या माळ्यावर जुना डबा पडून असेल, त्यांनी यंदा पोतेभर भुसा आणून उघड्या अंगणात एकदा तरी असे दूध आटवावे.