खो-खोतला फाऊल: शिक्षा दिशेची आणि सेकंदांची

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये चूक झाली की पंच पिवळा रुमाल मैदानात टाकतो आणि चुकणाऱ्या संघाला यार्डांत दंड होतो. पुढे घुसलात तर ५ यार्ड, धरून ठेवलंत तर १०, अंगावर धोकादायक रीतीने गेलात तर १५. गुण कापत नाहीत, जमीन काढून घेतात. ही तऱ्हा आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. लोणार तालुक्यातल्या बीबीच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर फक्कीच्या पाट्या आखून खो-खो सुरू झाला, की तिथेही शिक्षेचं तत्त्व बरंचसं हेच असतं. आपल्याकडे पंच मीटर मोजत नाही आणि खेळही थांबवत नाही, हा मुख्य फरक.

नियम आले कुठून

खेळ जुना असला तरी नियम पुण्याचे. डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास पहिली नियमावली केली, पुढे १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ती सुधारून छापली. देशी खेळांच्या प्रसारात वऱ्हाडाचाही वाटा आहे: अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. आज बीबीतल्या शाळेचा संघ तालुक्याला जिंकला, तर पुढे बुलढाणा आणि मग अमरावती विभाग असा रस्ता असतो. प्रत्येक पायरीवर शिट्टी तीच, पंचाची कडक नजर मात्र वाढत जाते.

फाऊल कशाकशाला म्हणायचं

नऊ जण मैदानात. आठ जण मधल्या पाटीवर चौकोनांत बसलेले, एक आड एक विरुद्ध बाजूंना तोंड करून. नववा पाठलाग करणारा. फाऊलचे बहुतेक प्रकार या नवव्याच्या वाट्याचे. दोन टोकांच्या खांबांच्या दरम्यान त्याने मधली पाटी ओलांडली, एकदा दिशा घेतल्यावर मागे फिरला, किंवा पळता पळता खांद्यांची रेषा नको तितकी वळवली (मैदानावरचे लोक याला मोहरा वळणे म्हणतात), की शिट्टी. खो पाठीमागूनच द्यायचा. स्पर्श आणि ‘खो’ हा शब्द एकाच वेळी, आणि शब्द ऐकू जाईल असा. बसलेल्याची आडवी पाटी सोडून पुढे निघून गेलात तर हात मागे करून त्याला खो देता येत नाही. बसलेल्यानेही खो मिळण्याआधी उठायचं नाही. शालेय सामन्यांत सगळ्यात जास्त शिट्ट्या या शेवटच्या चुकीवर वाजतात असं माझं निरीक्षण आहे. पोरं अधीर असतात, त्याला इलाज नाही.

खांबापलीकडच्या मोकळ्या पट्ट्यात मात्र दिशेचं बंधन नाही. म्हणून तर हुशार पाठलागी पळणाऱ्याला तिकडे रेटत नेतो.

अंमल कसा होतो

फाऊल झाला की पंच थांबून थांबून नव्हे, लागोपाठ छोट्या शिट्ट्या वाजवतो आणि हाताने उलटी दिशा दाखवतो. पाठलाग करणाऱ्याने तिथल्या तिथे थांबायचं, पंच दाखवेल तिकडे वळायचं आणि तिकडे जाऊन नियमाप्रमाणे खो द्यायचा. चूक लवकर उठणाऱ्याची असली तरी आता पाठलाग त्याच्याकडे आलेला असतो, त्यामुळे उलटा जाण्याची पाळीही त्याचीच. या गडबडीत कुणी पळणारा टिपला गेला, तर तो बाद नाही. चुकीच्या पोटातून निघालेला गुण धरायचाच नाही, हा नियमाचा कणा.

आता हे किती महाग पडतं ते बघा. समजा, पळणारा उजव्या खांबाकडे कोंडला गेलाय आणि पाठलागी चार पावलांवर आहे. शिट्टी वाजली. आता त्याला डावीकडे वळावं लागणार, म्हणजे सावजाकडे पाठ. डावीकडे जाऊन तो ज्याला खो देईल त्याचं तोंड पाटीच्या पलीकडच्या बाजूला. तो उठणार तोही पलीकडेच. अलीकडे उभा असलेला पळणारा तोवर श्वास घेतो, जागा बदलतो, पुन्हा साखळी धरतो, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी पळू लागतो. पलीकडच्याने पुन्हा अलीकडे खो आणेपर्यंत आणखी सेकंद जातात. नऊ मिनिटांच्या पाळीतले असे सेकंद कुणी परत देत नाही, कारण घड्याळ चालूच असतं. अमेरिकन पंच रुमाल टाकतो, माप घेतो, चेंडू नव्या जागी ठेवतो, मगच पुढचा डाव. आपल्याकडे शिक्षा धावता धावता भोगायची.

एक गोष्ट त्यांच्याकडे आहे ती आपल्याकडे नाही: ज्याच्यावर अन्याय झाला त्या संघाला तिथे दंड नाकारता येतो. चूक होऊनही आपलाच फायदा झाला असेल, तर ‘राहू द्या’ म्हणायचं आणि खेळाचा निकाल ठेवायचा. खो-खोत पळणाऱ्याला कुणी विचारत नाही. विचारायला वेळही नाही.

पळणाऱ्याला वेगळा न्याय

पळणाऱ्याची चूक झाली तर दिशा वगैरे नाही, तो सरळ बाद. दोन्ही पाय मैदानाबाहेर गेले, बाद. पळणारे तिघांच्या तुकडीने येतात. आधीची तुकडी संपल्यावर पुढची वेळेत आत आली नाही, तरी बाद. पाठलागी चुकला तर दिशा गमावतो, पळणारा चुकला तर जीव. मला हा असमतोल रास्त वाटतो, कारण एकाला आठ जणांची साथ आहे.

पंच आणि सरपंच

मधल्या पाटीने मैदान दोन भागांत वाटलं जातं, प्रत्येक भागाला एक पंच. दोघांचं जुळलं नाही तर शेवटचा शब्द सरपंचाचा (ग्रामपंचायतीचा नव्हे, सामन्याचा). गैरवर्तनाला शासन करायचा अधिकारही त्याचाच. गावाकडे खरी अडचण वेगळीच असते: दोन सामने झाले की फक्की पुसली जाते, आणि पाय पाटीला लागला की नाही हे मातीवर ठरवावं लागतं. मॅटवर हा वाद उरत नाही.

वजीर आल्यावर

२०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने ‘वजीर’ आणला. हा पाठलागी कुठल्याही दिशेला वळू शकतो, म्हणजे दिशेचा फाऊल त्याला लागूच नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या कर्णधारांच्या हाताखाली, आणि तिथेही वजीर होता. टीव्हीवर खेळ वेगवान दिसतो, हे खरं. पण दिशेच्या बंधनातच पाठलागाचं डोकं असतं, त्यामुळे शालेय मैदानावर वजीर नसलेला बरा असं माझं मत.

अमेरिकेत सामन्याच्या आकडेवारीत कुणी किती दंड भोगले आणि किती यार्ड गेले हे छापून येतं. आपल्याकडे वर्तमानपत्रातल्या निकालात पळणाऱ्याची मिनिटं आणि मारलेले गडी तेवढे येतात. फाऊलमध्ये गेलेले सेकंद प्रशिक्षकालाच स्वतःच्या वहीत टिपावे लागतात.