कामासाठी स्वस्त स्मार्टफोन घेताना नेमकं काय पाहायचं?

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करायला सुरुवात केली. या फोनची रॅम होती २ जीबी. त्यावर 'पोषण ट्रॅकर' हे अ‍ॅप नीट चालत नाही, फोन तापतो, बंद पडतो आणि वॉरंटी संपल्यामुळे दुरुस्तीचा खर्च पदरचा करावा लागतो, अशी त्यांची तक्रार होती. अ‍ॅप इंग्रजीत असल्याचा राग होता तो वेगळाच.

हे फोन वाटले गेले तेव्हा पोषण ट्रॅकर नव्हतं. ते मार्च २०२१ मध्ये आलं. म्हणजे फोन तोच राहिला आणि त्यावरचं काम बदललं. स्वतःच्या पैशाने कामापुरता फोन घेणाऱ्या डिलिव्हरी बॉयचा, आशा सेविकेचा किंवा बँक मित्राचा हिशेबही इथेच चुकतो. फोन आजच्या कामाकडे बघून घेतला जातो, पण वापरायचा असतो तीन-चार वर्षं.

रॅम: ४+४ म्हणजे ८ नव्हे

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि स्टोरेज म्हणजे फडताळ. ओटा लहान असेल तर एक भांडं ठेवण्यासाठी दुसरं उचलावं लागतं. अर्धा फॉर्म भरून झाल्यावर फोटोसाठी कॅमेरा उघडला आणि परत आल्यावर फॉर्म कोरा दिसला, असं होतं ते बहुतेक वेळा यामुळेच.

कमी रॅमच्या फोनसाठी गुगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडची 'गो' ही हलकी आवृत्ती आणली. अँड्रॉइड १३ पासून तिलाही किमान २ जीबी रॅम लागते. फोन नुसता सुरू राहण्यासाठी ही मर्यादा आहे, दिवसभर काम करण्यासाठी नव्हे. कामाच्या फोनला ४ जीबीपेक्षा कमी रॅम घेऊ नये. ६ जीबी परवडत असेल तर कॅमेऱ्यावरचे पैसे तिकडे वळवावेत.

खोक्यावर '८ जीबी' असं ठळक छापलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत '४+४'. त्यातले दुसरे ४ जीबी 'व्हर्च्युअल रॅम' असतात, म्हणजे स्टोरेजचाच एक कोपरा ओटा म्हणून वापरायला दिलेला. तो खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी मंद असतो. दुकानदाराला खरी रॅम किती, एवढंच विचारावं.

स्टोरेज ६४ जीबी तरी हवं, कारण त्यातला बराच भाग सिस्टीमच व्यापते. मेमरी कार्ड फोटोंसाठी ठीक आहे, पण बहुतेक अ‍ॅप फोनच्या स्टोरेजमध्येच बसतात. शिवाय काही फोनमध्ये दुसरं सिम किंवा कार्ड यापैकी एकच बसतं. घरचा नंबर आणि कामाचा नंबर असे दोन सिम वापरणाऱ्यांनी ट्रे उघडून पाहावा. फोन घेतल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो-डाउनलोड बंद केलं, तर ग्रुपवरच्या 'शुभ सकाळ'च्या फोटोंनी जागा भरत नाही.

फोनचं वय

दुकानात नवा मिळणारा फोन नवाच असतो असं नाही. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मध्ये अँड्रॉइडची आवृत्ती आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. इंटरनेट जोडून अपडेट तपासल्यावरही ती तारीख वर्षभर जुनीच राहिली, तर कंपनीने त्या मॉडेलकडे पाठ फिरवली असण्याची शक्यता मोठी. पैशांची अ‍ॅप वापरणाऱ्यांनी तो फोन सोडून द्यावा. जुन्या अँड्रॉइडवर अशी अ‍ॅप कालांतराने चालेनाशी होतात.

५जीसाठी जास्त पैसे मोजण्याची घाई नको. फॉर्म भरणं, लोकेशन पाठवणं, यूपीआय यांना चांगलं ४जी पुरतं. घ्यायचाच असेल तर एक खाचखळगा आहे. जिओचं ५जी 'स्टँडअलोन' पद्धतीचं आहे, तर एअरटेलने सुरुवात 'नॉन-स्टँडअलोन'ने केली. काही अगदी स्वस्त ५जी फोन फक्त पहिल्या पद्धतीवर चालतात. दुसऱ्या पद्धतीच्या नेटवर्कवर त्यांना ४जीच मिळतं.

मेगापिक्सेलच्या आकड्यांत अडकू नये. कागद वाचता येईल एवढा फोटो आला की काम झालं. स्क्रीन मात्र उन्हात नेऊन पाहावी. ई-पीक पाहणीसाठी शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढताना अंधुक स्क्रीनवर काहीच दिसत नाही, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते कळत नाही.

सगळ्यात उपयोगी चौकशी दुकानाबाहेरच होते. तेच काम करणारं, तोच फोन वर्षभर वापरलेलं कोणी गाठावं आणि रोजचं अ‍ॅप उघडून दाखवायला सांगावं.

जुना फोन घ्यायचा असेल तर *#०६# डायल करून आयएमईआय क्रमांक काढावा, तो बिलावरच्या क्रमांकाशी जुळवावा. मग रोमन अक्षरांत 'केवायएम', एक जागा सोडून तो १५ अंकी क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा. फोन काळ्या यादीत असेल तर उत्तरात कळतं. हे सगळं पैसे देण्याआधी करायचं.