त्वचेवरील फोड आणि पक्ष्मकोप

मुरबाड तालुक्यातील धसईसारख्या गावी लाल डोळ्यांचा रुग्ण आला की ‘डोळे आले’ असेच निदान होते, आणि बहुधा ते योग्यही असते. परंतु वयस्क रुग्णाची लाली महिनोन्‌महिने हटत नसेल, तोंडात व्रण असतील अथवा अंगावर फोड येऊन गेले असतील, तर आम्ही खालची पापणी ओढून पाहतो. पापणीपासून नेत्रगोलापर्यंत श्लेष्मल त्वचेचा पडदा ताणलेला दिसल्यास म्यूकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइडची शंका घ्यावी. येथे शरीराचीच प्रतिपिंडे श्लेष्मल त्वचेच्या आधारपटलावर आघात करतात. व्रण भरताना आकुंचन होते, पापणी आत वळते, केस बुबुळावर घासतात आणि अखेर दृष्टी जाते. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्येही डोळे लाल होतात, पण असे व्रणबंध सहसा राहत नाहीत.

सुश्रुताचार्यांनी पक्ष्मकोप याप्य मानला असून त्यात यवाकृती छेद व केसाने सीवन सांगितले आहे. मात्र या व्याधीत दाह शमण्यापूर्वी केलेले शस्त्रकर्म व्रणबंध वाढवू शकते. केवळ आश्च्योतन व अंजनावर विसंबून काल दवडणेही आम्हांस मान्य नाही.

निदानार्थ श्लेष्मल त्वचेचा तुकडा इम्युनोफ्लुरोसन्स तपासणीस पाठवावा लागतो. फॉर्मेलिनमध्ये घातला की तो व्यर्थ! तपासणी नकारात्मक आली तरी व्याधी नाही असे ठरत नाही. सौम्य अवस्थेत डॅप्सोन (तत्पूर्वी जी-सिक्स-पीडी पाहून), तीव्र अवस्थेत मायकोफेनोलेट, सायक्लोफॉस्फमाइड वा रिटुक्सिमॅब योजतात.

धसईहून कल्याण, पुढे मुंबई हा प्रवास रुग्णास नकोसा वाटतो. पाठविताना चिठ्ठीत फोडांचा व मुखव्रणांचा इतिहास अवश्य लिहावा. नेत्रविभागात तो कोणी विचारीलच असे नाही.